पंख्यातला भंडारा

बिरप्पा लवट्यानं आयुष्यात देवाला कधी फसवलं नव्हतं, माणसाला क्वचितच, आणि मेंढरांना मात्र रोज संध्याकाळी. मूठ मिटून, आत मीठ असल्यासारखी पुढं धरली की कळप मुकाट जाळीच्या कुंपणात शिरतो. एवढी फसवाफसवी धंद्यात चालायचीच. पण पोटच्या पोरीपासून काही लपवायची वेळ त्याच्यावर आजवर आली नव्हती. ती आली दसऱ्यानंतर आठव्या दिवशी, सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या एका लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात.

आदल्या संध्याकाळी प्रियंकाचा फोन आला होता. प्रियंका त्याची धाकटी, सोलापुरात हॉस्टेलवर राहून प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होती. शेवटचं वर्ष. फोनवर आधी नुसतं नाक ओढल्याचा आवाज, मग म्हणाली, "आबा, लॅपटॉप ग्येला. चार दिस झालं नुसता घरघरत हुता, तापत हुता, मधीच बंद पडत हुता. काल अपडेट चालू असताना बंद पडला तो पडलाच. आता निळा पडदा दिसतोय, दुसरं कायबी न्हाय. समदा प्रोजेक्ट त्यात हाय. शुक्रवारी दिला न्हाय तर वर्ष ग्येलं."

आज मंगळवार. तिची दिवसभर प्रॅक्टिकलची परीक्षा, तेव्हा बाप म्हणाला, मी येतो, मी नेतो दुकानात, तू तुझं बघ. मेंढरं म्हाळसाबाईच्या, म्हणजे बायकोच्या, हवाली करून त्यानं सांगोल्याहून पहिली एस्टी धरली. हॉस्टेलच्या फाटकाशी पोरीनं लॅपटॉपची पिशवी त्याच्या हातात दिली आणि काय सांगायचं ते त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं. बिरप्पाला लिहितावाचता येत नाही, पण एकदा कानात गेलेलं त्याच्या डोक्यातून निघत नाही.

आता हा प्रोजेक्ट काय होता तेही सांगायला हवं, कारण तो अर्धा बिरप्पाचाच होता. माडग्याळ जातीची मेंढरं, त्यांची कोकरं कशी वाढतात, जन्मताना वजन किती, महिन्यानं किती, दोन महिन्यांनी किती. कॉलेजच्या मॅडमनी विषय दिला तेव्हा प्रियंका म्हणाली, मेंढरं लांब कशाला शोधायची, आमच्याच घरी आहेत. ती आठवडाभर सोलापुरात, म्हणून वजनं करायची बिरप्पानं. त्यासाठी तिनं त्याला लटकत्या काट्यावरचे आकडे ओळखायला शिकवलं. पंचावन्नाव्या वर्षी शून्य ते नऊ शिकलेला माणूस काट्याच्या त्या छोट्या काचेकडं असा बघायचा की जणू देव्हाराच. झोळीत कोकरू, झोळी काट्याला, काटा लिंबाच्या फांदीला. रविवारी फोन लागला की तो आकडे सांगायचा आणि ती तिकडं थेट लॅपटॉपवर टिपायची. दीड वर्षं बापलेकीचा हा रविवार एकदाही चुकला नव्हता.

आणि आता मुद्द्याची गोष्ट. लॅपटॉपला काय झालं, ते बिरप्पाला ठाऊक होतं.

लवट्यांच्या घरी खंडेनवमीला कामाच्या वस्तूंची पूजा होते. लोकर कातरायची कातर, कुऱ्हाड, विळा, बिरप्पाची काठी, म्हाळसाबाईची विळी, मोटारसायकल, सगळ्यांना धुऊनपुसून ओळीनं मांडायचं. यंदा प्रियंका सुट्टीला घरी होती. म्हाळसाबाई म्हणाली, "आन् हिचं हत्यार?" बिरप्पाला ते एकदम पटलं. "बराबर हाय. ज्याच्यावर आपलं काम चालतं, त्येची पूजा करायची. तिचं ह्याच्यावर चालतं." प्रियंका तेव्हा न्हाणीत केस धूत होती.

झाकणावर बोटभर भंडारा लावून शहाणा माणूस थांबला असता. पण पोरीच्या बाबतीत शहाणपणानं वागायची बिरप्पाला सवयच नव्हती. त्यानं लॅपटॉप उघडला, बटणांवर भंडारा शिंपडला. मग त्याच्या ध्यानात आलं की ह्या यंत्राला कडेला नाकपुड्या आहेत, आणि काम करताना त्यातून ऊन वारा येतो. मेंढी सुस्तावली की तिच्या नाकपुडीला चिमूटभर भंडारा लावायची त्याच्या बापाची रीत होती. म्हणजे ह्यालाही लावलेला बरा. एक चिमूट ह्या नाकपुडीत, एक त्या नाकपुडीत, आणि नीट आत जावा म्हणून वरून एक हलकी फुंकर. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" पटक्याच्या शेवानं बटणं पुसली, झाकण लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. प्रियंका केस पुसत आली, तिला ते पिवळं झाकण बघून हसू आलं, तिनं फोटोही काढला. नाकपुड्यांचं सांगायचं बिरप्पाला सुचलं नाही. त्यात सांगण्यासारखं काही आहे असंच त्याला वाटलं नव्हतं.

वाटलं ते फोनवर 'घरघरतोय' हा शब्द ऐकला तेव्हा. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. रात्रभर त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही.

दुकान सोमशेखरचं. पंचेचाळिशीचा माणूस, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. दोन्ही बाजूंनी जुने लॅपटॉप रचलेले, मधोमध एक टेबल, त्यावर दिवा, आणि मागं भिंतीवर कालनिर्णय. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी, असा त्याचा कारभार.

"बर्री, या मामा, बसा. काय झालंय?"

बिरप्पानं पाठ केलेलं एका दमात म्हणून दाखवलं. "आदी डाटा काढायचा. मग नवी विंडोज टाकायची. आन् पोरीला इचारल्याबिगर फॉरमॅट मारायचा न्हाय."

सोमशेखरनं चष्म्यावरून बघितलं. "मामा, शिकलीसवरलेली गिऱ्हाइकं हे सांगायला विसरतात. सगळं उडालं की मग माझ्या नावानं बोंब. पोरगी हुशार दिसतीय तुमची."

"लई," बिरप्पा म्हणाला. तेवढं बोलताना मात्र त्याची मान ताठ झाली.

सोमशेखरनं लॅपटॉप चालू केला. निळा पडदा आला, घरघर झाली, आणि मिनिटभरात सगळं गप्प. "विंडोज खराब झालीय, ती टाकू. पण हा तापतोय का, ते आधी बघू." त्यानं लॅपटॉप पालथा घातला, बारीक बारीक स्क्रू काढून चुंबकाच्या वाटीत ठेवले आणि पाठीचं झाकण उचललं.

आतला पंखा पिवळाधमक होता. पात्यांच्या मधल्या फटी भंडाऱ्यानं आणि लोकरीच्या तंतूंनी अशा लिंपल्या होत्या की वारा जायला वाटच नव्हती. सोमशेखरनं त्यातलं जरासं बोटावर घेऊन चोळलं. मग म्हणाला, "मामा, घरी हळदीची गिरणी हाय काय?"

चोराच्या मनात चांदणं. बिरप्पाच्या कानशिलावरून घाम ओघळला. इकडंतिकडं बघून त्यानं आवाज खाली आणला आणि खंडेनवमीपासून सगळं सांगून टाकलं, फुंकरीसकट. सोमशेखरला हसू येत होतं, पण समोरच्या माणसाचा चेहरा बघून त्यानं ते मिशीखाली दाबलं.

"मी पण करतो पूजा खंडेनवमीला," तो म्हणाला. "पण मी स्क्रू ड्रायव्हरची करतो. त्याला नाक नसतंय."

मग त्यानं टेबलावर कोरा कागद पसरला आणि मऊ कुंचल्यानं पंखा त्यावर झाडायला घेतला. एरवी असली घाण तो ब्लोअर मारून रस्त्यावर उडवतो. आज मात्र लोकर चिमट्यानं वेगळी केली, भंडारा कागदाच्या मधोमध गोळा केला, त्यातला कणभर आपल्या विभूतीखाली टेकवला आणि कागदाची पुडी बांधली. "देवाचं हाय. कचऱ्यात टाकवत न्हाय."

"मालक," बिरप्पानं हात जोडले, "पोरीला ह्ये सांगू नगा."

सोमशेखरनं थोडा विचार केला. "अपडेट चालू असताना बंद पडलं म्हणून विंडोज गेली. हे खरंच हाय की. तेवढंच सांगू. पंख्याचं मी साफ केलं म्हणतो." बिरप्पाला हायसं वाटलं. अर्धं खरं तरी खरंच असतं, असं त्यानं मनाला सांगितलं आणि मनानं ते तात्पुरतं ऐकलं.

लॅपटॉपमधली डिस्क काढून सोमशेखरनं ती आपल्या कॉम्प्युटरला जोडली. पडद्यावर एकेक फोटो उघडायला लागले आणि बिरप्पा स्टुलावरून उठून पुढं झाला. "ही लांबकानी! ही मोरी. ही राघूनाकी, लई खट हाय. ही भिंगरी, हिच्या मागं आमची म्हाळसाबाय." तासभर फायली उतरत होत्या आणि तासभर सोमशेखरला कळपाची ओळख होत होती. सगळं उतरलं. मग खात्री म्हणून त्यानं एकेक फाईल उघडून बघायला सुरुवात केली, आणि एका फाईलवर त्याचा हात थांबला. पुन्हा दाबलं. दुसऱ्या प्रोग्राममध्ये टाकून बघितलं. तिसऱ्यांदा बघितलं.

"मामा, 'कोकरांची वजनं' म्हणून एक फाईल हाय. ती उघडंना. बंद पडलं तेव्हा हीच चालू असणार. नाव राहिलंय, आत काही न्हाय."

बिरप्पा खाली बसला. बाकी सगळं गेलं असतं तरी चाललं असतं. तीच एक जायला नको होती. सोमशेखरनं दीड तास खटपट केली, तीन तऱ्हेची सॉफ्टवेअरं लावली, आणि शेवटी मान हलवली. आता थांबण्यात अर्थ नव्हता. त्यानं सांगितलं की बाकीचं सगळं सुखरूप बाजूला काढलंय, तरी पोरीला विचारल्याशिवाय पुढं जायचं नाही ना? बिरप्पानं दुपारच्या सुट्टीत पोरीला फोन लावला, सोमशेखरनं तिला फॉरमॅटचं विचारलं आणि ती हो म्हणाली. त्या फाईलीचं तिला फोनवर सांगायला दोघांचीही जीभ उचलली नाही. अजून निम्मी परीक्षा राहिली होती.

पंख्याला नवं वंगण, चिपेवर नवी पेस्ट, मग पेनड्राइव्ह लावून नवी विंडोज. टक्के चढत होते. बिरप्पाला आकडे येत होतेच, तो ते मोजत बसला. अकरा, सतरा, एकोणतीस. मध्येच यंत्र बंद होऊन पुन्हा चालू व्हायचं आणि प्रत्येक वेळी बिरप्पा स्टुलावरून अर्धा उठायचा. "असंच असतंय," सोमशेखर म्हणायचा. दोघांनी बिरप्पाची भाकरी वाटून खाल्ली. पंचाहत्तर, नव्वद. लॅपटॉप आता आवाज न करता चालत होता, आणि ते शांतपणही बिरप्पाला सोसत नव्हतं.

साडेतीनला प्रियंका आली. नवा स्वच्छ पडदा बघून तिचा चेहरा असा उजळला की सोमशेखरनं मान फिरवली. वाईट बातमी त्यालाच सांगावी लागली. त्यानं ती ठरल्याप्रमाणं सांगितली. अपडेट, बंद पडणं, उघडी फाईल. तिनं लगेच लॅपटॉप ओढून घेतला, मेल उघडला. मॅडमना पाठवलेली शेवटची प्रत आषाढ अखेरची होती. त्यापुढचं काही नव्हतं. श्रावण, भाद्रपद आणि अर्धा आश्विन. एकोणतीस कोकरं, त्यांचे जन्म, त्यांची वजनं, सगळं गेलं होतं.

ती रडली नाही. स्टुलावर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "मॅडम सांगत होत्या दर आठवड्याला मेल करत जा. मी आळस केला. आन् तो तापतोय हे दिसत असून अपडेटचं बटण मीच दाबलं." मग तिनं बापाकडं बघितलं. "आबा, तुमी दीड वर्स काटा धरून उभं राहिलासा. उनात, पावसात. आन् मी एक बटण दाबलं. माजीच चूक."

बिरप्पानं सोमशेखरकडं बघितलं. सोमशेखर स्क्रूच्या वाटीत काहीतरी शोधत होता. सकाळपासून मनानं ऐकलेलं ते अर्धं खरं आता बिरप्पाचं मन ऐकेना. पोरगी नसलेला दोष अंगाला लावून घेत होती आणि तो बाजूला बसून बघत होता.

"तुजी चूक न्हाय," तो म्हणाला. "माजी हाय. खंडेनवमीला म्या त्येच्या नाकात भंडारा घातला."

"कुणाच्या नाकात?"

"ह्येच्या." त्यानं लॅपटॉपच्या कडेच्या फटी दाखवल्या. "दोनी बाजूनं. आन् फुकलं."

प्रियंका वाकून फटीत डोकावली. "आबा! नाकात?"

"मालकांनी पंखा उघडला, समदा पिवळा. त्येनंच तापत हुतं. म्याच त्येस्नी सांगितलं, पोरीला बोलू नगा."

ती उठली आणि दुकानाच्या दारात पाठमोरी उभी राहिली. राग आला होता, आणि तो तिनं लपवला नाही. "आदीच सांगितलं असतं तर म्या अपडेट लावलंच नसतं, आबा. पंखा साफ करून घेतला असता. एवढंच सांगायचं हुतं की."

"फोनवर घरघर म्हनलीस तवा ध्यानात आलं, पन तवर बंद पडलं हुतं. आन् मग सांगायचं धाडस झालं न्हाय. तुज्या कामाला देवाचा हात लागावा म्हनून केलं, बाय. दुसरं कायबी मनात नव्हतं." त्याचा आवाज फाटला. "तुजं वर्स माज्या हातानं ग्येलं."

दारात उभ्या पोरीचे खांदे हलले. ती वळली तेव्हा डोळे भरलेले होते, पण राग ओसरला होता. ती येऊन त्याच्या शेजारी बसली, त्याचा हात तिनं हातात घेतला आणि दोघं तसेच बसले. रस्त्यावरून भाजीची गाडी ओरडत गेली.

"एकबी आकडा ध्यानात न्हाय माज्या," ती स्वतःशीच म्हणाली. "लांबकानीचं तेवढं आठवतंय. गवरीच्या वक्ताला झालेलं. साडेतीन किलो."

"साडेतीन न्हवं, तीन-सहा," बिरप्पा नाक पुसत म्हणाला. "गवरी जेवल्या त्या दिशी, दिवस मावळताना. मादी. म्हैन्यानं आठ-दोन."

सोमशेखरचा हात वाटीतच थांबला. प्रियंकानं बापाकडं बघितलं. "आबा. तुमास्नी हे ध्यानात हाय?"

"न्हाय कसं? काटा म्याच वाचला की."

"आन् बाकीची?"

"बाकीची बी मेंढरं माजीच हायती," बिरप्पा म्हणाला. तिला कशाचं नवल वाटतंय तेच त्याला कळेना. शेजाऱ्याच्या पोरांची नावं सांग म्हटल्यावर माणूस सांगतोच की.

प्रियंकाचा चटकन विश्वास बसला नाही, आणि बसू नयेच. शास्त्राची विद्यार्थिनी होती. तिनं मेलमधली आषाढापर्यंतची जुनी प्रत उघडली आणि पडदा सोमशेखरकडं फिरवला. सोमशेखरनं चष्मा वर सरकवला. "मोरी. माघातलं कोकरू."

"तीन-एक. नर. म्हैन्यानं सात-नऊ, दोन म्हैन्यानं बारा-चार."

"बरोबर. भिंगरी?"

"जुळं. दोन-चार आन् दोन-सात. मोठ्यानं आदी दूध धरलं."

दहा विचारली, दहा बरोबर निघाली. अकराव्याला सोमशेखर म्हणाला, "राघूनाकीचं हितं तीन-तीन लिहिलंय, तुम्ही तीन-दोन म्हणताय."

"तीन-दोनच हुतं. ही त्या रविवारी एस्टीत हुती, गोंगाट चालू हुता. हिनं तीन-तीन लिव्हलं आसंल."

प्रियंकानं त्या ओळीची तारीख बघितली. त्या रविवारी ती एस्टीत होती खरी.

तिनं मॅडमना फोन लावला आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं, भंडाऱ्यासकट. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग मॅडम म्हणाल्या, माहिती कशी मिळाली ते अहवालात जसंच्या तसं लिही, मेंढपाळाच्या तोंडून, स्मरणातून. आणि उद्या मी स्वतः तुमच्या वाडीवर येते, कोकरं आहेतच, पुन्हा काट्याला लावू, वाढ जुळते का ते बघू. जुळली तर शुक्रवारी मी सही करीन.

"जुळंल," बिरप्पा म्हणाला.

पण बसून त्याला सांगता येईना. दोन कोकरं झाली आणि तिसऱ्याला अडखळला. मग तो उठला, दुकानाच्या उंबऱ्याशी गेला, आणि काठी नसलेला हात काठी असल्यासारखा टेकवून त्यानं डोळे मिटले. सकाळी जाळी उघडली की त्याचा कळप रोज एकाच क्रमानं बाहेर पडतो. पुढं राघूनाकी, मग मोरी, मग तिच्या मागं दबत दबत बांडी. त्यानं हातानं जाळीचं दार उघडल्यासारखं केलं आणि एकेक मेंढी डोळ्यांपुढून सोडायला सुरुवात केली. प्रत्येकीच्या मागं तिचं कोकरू.

"राघूनाकी. नागपंचमीच्या आदल्या दिशी. नर. तीन-चार. म्हैन्यानं आठ-तीन. दोन म्हैन्यानं तेरा."

सोमशेखरनं कालनिर्णय भिंतीवरून काढून मांडीवर घेतलं. नागपंचमी, श्रावणातला दुसरा सोमवार, गणपती बसले तो दिवस, घटस्थापना. बिरप्पा सण सांगायचा, सोमशेखर तारीख सांगायचा, प्रियंका टिपायची. दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना सोमशेखरनं नंतर या म्हणून वाटेला लावलं. "प्रत्येक ओळीला सेव्ह कर पोरी," तो सारखा म्हणत होता. "माझ्या दुकानात तरी आता काही जायला नको."

अठ्ठावीस झाली. एकोणतिसाव्याला बिरप्पा थांबला. डोळे मिटलेलेच होते.

"टिकली," प्रियंका हळूच म्हणाली.

"व्हय. टिकली. तिच्या मागं न्हाय कोन." तो घुटमळला. "आठ दिसांचं झालं आन् ग्येलं, म्हाळाच्या दिसांत. मेलेलं बी लिव्हायचं आसतं का?"

"लिव्हायचं असतंय आबा. ते बी आपलंच हुतं की."

"मग लिव्ह. जल्मताना तीन-शून्य. आठव्या दिशी तीन-एक. सकाळी वजन केलं, सांजच्याला ग्येलं. मादी हुती. कपाळावर आईसारकीच टिकली."

तिनं सगळं लिहिलं. टिकलीच्या कोकराचं नुसतं वजनच नाही, शेरा म्हणून कपाळावरची टिकलीही. मग फाईल जतन केली, मॅडमना पाठवली, स्वतःला पाठवली, पेनड्राइव्हवर घेतली, आणि सोमशेखरच्या कॉम्प्युटरवरही एक प्रत ठेवली. पंखा आवाज न करता फिरत होता.

निघताना सोमशेखरनं मजुरी घेतली तेवढी घेतली, आणि खणातून कागदाची पुडी काढून बिरप्पापुढं धरली. "मामा, हे तुमचं राहिलंय."

बिरप्पा ओशाळला. पुढं होऊन पुडी घेतली ती प्रियंकानं. तिनं ती उघडली, वास घेतला, आणि म्हणाली, "आबा, खाली वाका."

"कशाला?"

"वाका तर."

उंच माणूस पोरीपुढं वाकला. तिनं पटका जरा वर सारला आणि उन्हानं काळवंडलेल्या त्या कपाळावर पाची बोटांनी भंडारा लावला. "खंडेनवमीला काय म्हनला हुतासा? ज्याच्यावर आपलं काम चालतं, त्येची पूजा करायची. म्या चुकीच्या यंत्राची होऊ दिली."

बिरप्पा तसाच वाकून राहिला. मान वर केली असती तर दोघांनाही त्याचे भरलेले डोळे दिसले असते.

"नाकात तेवढा घालू नगंस," तो म्हणाला.